विदर्भातला पहिला उन्हाळा: अंदाज कसा वाचावा, दिवस कसा आखावा

नोकरी, शिक्षण किंवा बदलीच्या निमित्ताने पुणे, मुंबई, कोकण किंवा त्याहूनही दुरून नागपूर, वर्धा, अकोला, चंद्रपूर अशा ठिकाणी पहिल्यांदाच राहायला आलेल्या माणसाला मार्च लागला की भेटेल तो एकच गोष्ट सांगतो: इथला उन्हाळा जपून काढा. जपून म्हणजे नेमके काय करून, हे मात्र फारसे कोणी समजावून सांगत नाही. त्यातच एप्रिलमधल्या एखाद्या सकाळी वर्तमानपत्रात दोन बातम्या शेजारी शेजारी येतात. एकीत उष्णतेच्या लाटेचा इशारा असतो, तर दुसरीत मेघगर्जनेसह पाऊस आणि गारपिटीचा. हा हवामान खात्याचाच गोंधळ आहे असे समजून नवखा माणूस दोन्ही बातम्या बाजूला सारतो, आणि तिथेच त्याची पहिली चूक होते. विदर्भात ऊन आणि वादळ एकाच उन्हाळ्याच्या पोटात असतात, पुष्कळदा एकाच दिवसाच्या पोटात असतात. म्हणून अंदाज वाचताना दोन्हींसाठी वाचावा लागतो, आणि तो आपल्या जिल्ह्यापुरता व आपल्या घराबाहेर पडण्याच्या वेळेपुरता वाचावा लागतो. ते कसे करायचे, हे इथे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी: कोणता अंदाज कशासाठी, हे ओळखावे

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या दृष्टीने महाराष्ट्र आणि गोवा मिळून चार उपविभाग होतात: कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. विदर्भातील ११ जिल्ह्यांचे अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून येतात, तर उरलेल्या तिन्ही उपविभागांचे अंदाज मुंबईच्या केंद्राकडून. दूरचित्रवाणीवर 'राज्यात पावसाची शक्यता' असे ऐकल्यावर ते राज्य कोणते, म्हणजे कोणता उपविभाग, हे आधी पाहावे. सिंधुदुर्गातल्या पावसाने गोंदियातली दुपार थंड होत नाही.

अंदाजांच्या मुदतीही वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीचा उपयोग निराळा असतो. फेब्रुवारीच्या अखेरीस मार्च ते मे या तीन महिन्यांचा उन्हाळी हंगामाचा अंदाज जाहीर होतो आणि मार्चच्या अखेरीस एप्रिल ते जून या महिन्यांचा. कमाल व किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता कुठे अधिक आहे, उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा जास्त असतील का, एवढेच त्यातून कळते. हा सगळा शक्यतेचा हिशेब असतो. कूलर आत्ताच दुरुस्त करून घ्यावा की नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मे महिन्यात इथे ठेवावे की गावी पाठवावे, असे निर्णय त्यावरून घेता येतात. अमुक तारखेला लग्न ठेवावे की नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही.

त्याखालोखाल दर गुरुवारी पुढील काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. मग रोज नव्याने दिले जाणारे, पुढच्या काही दिवसांचे जिल्हानिहाय इशारे असतात. सर्वांत शेवटी येतो तो पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज, जो रडारवर ढग दिसू लागल्यावर दिला जातो. उन्हासाठी चार-पाच दिवस आधीचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो, कारण तापमान हळूहळू चढते आणि मोठ्या प्रदेशावर सारखेच चढते. उन्हाळी वादळाचे तसे नाही. ते तासा-दोन तासांत उभे राहते आणि एका गावाला झोडपून शेजारच्या गावाला कोरडे सोडून निघून जाते. म्हणून वादळ कोणत्या दिवशी होऊ शकते हे जिल्हानिहाय इशाऱ्यावरून पाहावे, आणि ते कोणत्या वेळी येईल हे तीन तासांच्या अंदाजावरून. खात्याच्या 'मौसम' या ॲपवर हे सारे मिळते.

दुसरी पायरी: अंदाजातले शब्द मोजून घ्यावेत

अंदाजातले शब्द सहज लिहिलेले वाटले, तरी त्यांना ठरावीक माप असते. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातील फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस होईल. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के, आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. हे माप पाऊस किती जागी पडेल याचे आहे, तो किती जोराचा पडेल याचे नाही. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात बहुतेक वेळा 'तुरळक ठिकाणी' हाच शब्द वाचायला मिळतो आणि लोक तो वाचून निर्धास्त होतात. परंतु ज्या तुरळक ठिकाणी ते वादळ उतरते, तिथे झाडे मोडतात, टिनाची छपरे उडतात आणि संत्र्याच्या आंबिया बहराची लहान फळे झाडाखाली सडा पडावा तशी गळतात. त्यामुळे 'तुरळक' या शब्दापुढे काय लिहिले आहे, म्हणजे वाऱ्याचा वेग ताशी ३० ते ४० किलोमीटर आहे की ५० ते ६०, आणि गारपिटीचा उल्लेख आहे का, हे वाचल्याशिवाय तो अंदाज वाचून झाला असे मानू नये.

रंगांचा अर्थ सोपा आहे. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता कृती करा. रंग जिल्ह्याचा असतो, आपल्या गल्लीचा नसतो. पिवळ्या रंगाच्या दिवशीही एखाद्या शेतावर वीज पडते.

तिसरी पायरी: उष्णतेची लाट कशाला म्हणतात, हे समजून घ्यावे

पारा नुसता चढला म्हणून लाट जाहीर होत नाही. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० झाले, तरच पुढचा हिशेब सुरू होतो. त्या दिवशीच्या सरासरीपेक्षा तापमान ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असेल तर उष्णतेची लाट आणि त्याहूनही अधिक असेल तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४५ वर गेला की लाट आणि ४७ वर गेला की तीव्र लाट, असाही नियम आहे. ही स्थिती उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असावी लागते.

यातून नवख्या माणसाने एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मार्चच्या मध्यावर एखाद्या गावची सरासरी ३६ असेल, तर तिथे ४१ अंशांनाही लाट म्हटले जाते. मे महिन्यात त्याच गावची सरासरी ४३ असते, म्हणून ४४ अंशांच्या दिवशी कोणताही इशारा नसतो. इशारा नाही म्हणजे ऊन निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ मुळीच होत नाही. इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेले ४४ अंश आणि आपल्या शरीराला झेपणारे ४४ अंश यांत पहिल्या वर्षी मोठा फरक असतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, त्या काळात घाम येण्याची रीतसुद्धा बदलते. म्हणून मेपेक्षा मार्च-एप्रिलमधली पहिली लाट नवागतांना अधिक बाधते, असे मला इतक्या वर्षांच्या पाहण्यावरून वाटते.

आकड्याबद्दलही थोडी सावधगिरी हवी. अधिकृत तापमान जमिनीपासून चार-पाच फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत मोजले जाते. डांबरी रस्त्यावर, टिनाखाली किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत आपल्याला भेटते ते तापमान त्याहून कितीतरी जास्त असते. उलट, मोबाइलवर फिरणारा प्रत्येक आकडाही खरा नसतो. मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाल्याची बातमी देशभर पसरली होती. उपकरणातील बिघाडामुळे ती नोंद चुकीची आली होती, असे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. शिवाय दमट हवेत कमी आकडाही घातक ठरतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हा त्या भागातले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते.

कमाल तापमानाबरोबर किमान तापमानही वाचावे. दिवसा ४० च्या वर गेलेला पारा रात्री पुरेसा उतरला नाही तर 'उष्ण रात्री'चा इशारा दिला जातो. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही की दुसऱ्या दिवशीचे तेच ऊन दुप्पट जाचते. पहिल्या मजल्यावरच्या, गच्चीखालच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्यांनी हा इशारा विशेष गांभीर्याने घ्यावा.

चौथी पायरी: ऊन आणि वादळ यांचे नाते ओळखावे

विदर्भ समुद्रापासून दूर आहे. उन्हाळ्यात इथे वायव्येकडून कोरडे, तापलेले वारे येतात आणि आकाश निरभ्र असल्याने जमीन दिवसभर भाजत राहते. नागपूरचे अक्षांश सुमारे २१ अंश असल्याने मेच्या शेवटच्या आठवड्यात, २६ तारखेच्या सुमारास, दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावर, साधारण २५ मेपासून, नऊ दिवसांचा नवतपा इथे का धरतात, ते यावरून उमगते. मात्र नवतपा दरवर्षी ठरल्याप्रमाणे तापतोच असे नाही. त्या दिवसांत ढग आले तर पारा बराच खाली राहतो, त्यामुळे पंचांगाबरोबर अंदाजही पाहावा.

या तापलेल्या जमिनीवर बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून बाष्प येऊन पोहोचले, की खालची गरम दमट हवा वेगाने वर उसळते आणि काही तासांत उंचच उंच ढग तयार होतात. विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकाच्या अंतर्भागातून केरळपर्यंत हवेच्या कमी दाबाचा पट्टा असल्याचे बातमीत वाचले, तर दोन प्रकारचे वारे एकमेकांना भेटत आहेत असे समजावे. अशा वेळी दुपारी ४२ अंश आणि संध्याकाळी गारा, असा दिवस येऊ शकतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर दिवसेंदिवस गारपीट होत राहिली आणि गहू, हरभरा, द्राक्षे, संत्री अशी हाताशी आलेली पिके गेली. ज्यांनी ती पाहिली त्यांना गारपिटीच्या इशाऱ्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

हवेत बाष्प आले आहे हे घरातल्या घरात ओळखण्याची एक खूण आहे, ती म्हणजे कूलर. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या जाळीवर पाणी पडते, कोरडी हवा ते पाणी शोषून घेताना स्वतः थंड होते, आणि ती हवा आपल्या अंगावर येते. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी, जेव्हा आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते, तेव्हा जुना लोखंडी कूलरसुद्धा खोली गारेगार करतो. मग एखाद्या दिवशी जेवण झाल्यावर जाणवते की तोच कूलर, तेच पाणी, तोच पंप, आणि तरी अंगाला चिकचिक होते आहे. टेबलावरचा कागद मऊ पडतो, भरणीतले मीठ ओलसर लागते. माझ्या अनुभवात असा दिवस पुष्कळदा सोसाट्याच्या वाऱ्याने संपला आहे. ही खूण अंदाजाची जागा घेऊ शकत नाही. मात्र ती जाणवली की लगेच तीन तासांचा अंदाज उघडून पाहावा आणि गच्चीवरचे कपडे खाली आणावेत.

पाचवी पायरी: घराची तयारी मार्चमध्येच उरकावी

कूलर घेताना किंवा जुना काढताना त्याची जाळी बदलावी, टाकी घासावी आणि सगळ्यात आधी वीजतंत्र्याकडून अर्थिंग तपासून घ्यावे. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांत लहान मुले असतात. पाणी भरण्यापूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून कूलरला हात लावू नये. प्लग तीन पिनांचाच असावा. दुसरी चूक एसीची सवय असलेले लोक हमखास करतात: कूलर लावून दारे-खिडक्या घट्ट बंद करतात. कूलरची हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोली तासाभरात दमट होते, म्हणून समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवावी.

पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे किंवा बाहेरून वाळ्याचे तट्टे लावावेत. टिनाचे किंवा स्लॅबचे छत असेल आणि घरमालक परवानगी देत असेल, तर त्यावर पांढरा चुना मारावा, फरक पहिल्याच दुपारी कळतो. गच्चीवरच्या सैल पत्र्यांवर, रिकाम्या टाक्यांवर आणि कुंड्यांवरही याच वेळी नजर टाकावी, कारण उन्हासाठी केलेला मांडव वादळात उडून दुसऱ्याच्या डोक्यावर पडू शकतो.

सहावी पायरी: तापलेल्या दिवसाचे वेळापत्रक

बाहेरची कामे सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर ठेवावीत. पारा बहुधा दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान सर्वांत वर असतो, तेव्हा बारा वाजता ऊन बरे वाटले म्हणून परतीचा प्रवास तीनला ठेवू नये. दुपारी रस्ते ओस पडतात, त्यामागे आळस नाही, पिढ्यांचा शहाणपणा आहे. दुचाकीवर जाताना डोके, कान आणि मान सुती दुपट्ट्याने पूर्ण झाकावी. ४३ अंशांचा वारा अंगावर घेतल्याने गारवा मिळत नाही, उलट अंगातले पाणी आटते.

निघण्यापूर्वी पाणी पिऊन निघावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पीत राहावे. घाम खूप जात असेल तर नुसते पाणी पुरत नाही, क्षारही लागतात, म्हणून मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, आंबील किंवा ओआरएस घ्यावे. खिशात कांदा ठेवण्याची पद्धत इथे तुम्हाला आपुलकीने सांगितली जाईल. कांदा जेवणात जरूर खावा, परंतु खिशातल्या कांद्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी विसरू नये. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे चालू असणाऱ्यांनी उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली सूचना असते, तेव्हाच सावलीत थांबावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तो भोवळ येऊन पडला, तर तो उष्माघात समजून ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. रुग्णालयात नेईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये.

सातवी पायरी: वादळाच्या दिवशी

पिवळा किंवा नारिंगी इशारा असलेल्या दिवशी दुपारी तीननंतर मोकळ्यावरची कामे ठेवू नयेत. फोन आणि दिवा आधीच भारित करून ठेवावा, कारण सोसाट्याच्या वाऱ्यात वीजपुरवठा हमखास जातो. वारा सुटला की थांबायचे कुठे, याचा निर्णय घाईत चुकतो. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात मोठे झाड मंदिराजवळच्या टिनाच्या शेडवर कोसळले आणि आसऱ्याला थांबलेल्यांपैकी ७ जणांचा जीव गेला. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर अजस्र जाहिरात फलक पडून १७ जणांचा मृत्यू झाला. जुन्या झाडाखालची शेड, फलकाखालचा पंप, उभारणी चालू असलेल्या इमारतीची भिंत, या जागा टाळून पक्क्या छताच्या इमारतीत शिरावे, मग त्यासाठी दहा मिनिटे भिजावे लागले तरी चालेल.

विजेचा हिशेब तोंडपाठ असावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर अंतर होते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा लगेच घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप आपल्या परिसरात वीज पडत असल्यास सूचना देते. शेतात काम करणाऱ्यांच्या आणि जंगलात तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्यांच्या गटात निदान एकाच्या फोनवर ते असायलाच हवे. बंद काचांची मोटार आसरा देते, उघडा ट्रॅक्टर देत नाही. आसरा नसेल तर एकटे झाड, विजेचा खांब, तारेचे कुंपण आणि पाणी यांपासून दूर, दोन्ही पाय जुळवून, गुडघे मुडपून, डोके खाली घालून बसावे. जमिनीवर आडवे होऊ नये आणि घोळक्याने एकत्र बसू नये.

जूनच्या पहिल्या पंधरवड्याबद्दल

केरळात मोसमी पाऊस पोहोचल्याची बातमी आली की उन्हाळा संपला असे समजून लोक सैल होतात. तो विदर्भात साधारण जूनच्या मध्याला येतो, आणि मधले दिवस माझ्या मते सगळ्या हंगामात अवघड असतात. पारा अजून चाळिशीच्या वर असतो, हवेत बाष्प आलेले असते, त्यामुळे कूलर थंडावा देत नाही आणि घाम वाळत नाही. शेतकरी पेरणीपूर्व कामांसाठी दिवसभर रानात असतात आणि विजाही याच दिवसांत जास्त पडतात. या पंधरवड्यात कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवून पाहावा, बहुधा तेच बरे वाटते. सकाळी एकदा जिल्ह्याचा इशारा आणि दुपारी जेवणानंतर एकदा तीन तासांचा अंदाज पाहण्याची सवय पाऊस सलग चार-पाच दिवस स्थिरावेपर्यंत सोडू नये.